कारण : मिरची

३ मार्च, सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन अकरा महिने झाले, डोक्याला गंज चढू द्यायचा नाही. ही वही माझी, माझ्यासाठी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही, म्हणून यात फक्त खरं लिहिलं जाईल.

पहिल्याच दिवशी केस मिळाली. नाश्त्याला बसलो होतो. हिनं पावाचा तुकडा तोंडात घातला आणि गालाला हात लावून थांबली. काय झालं विचारलं, तर जिभेला डावीकडे झोंबतंय म्हणाली. ही सव्वीस वर्षं बस-स्टँडवर माइकसमोर बसत होती. अमुक गाडी तमुक फलाटावर, असं दिवसभर. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही हिचा. त्यामुळे झोंबतंय म्हणाली म्हणजे झोंबतंयच.

आणि झोंबणं हा माझा विषय. सॉसच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं फर्स्ट-एड इन्चार्ज. पोतीच्या पोती मिरच्या यायच्या आणि कुणाचे हात, कुणाचं तोंड, कुणाचे डोळे, रोज कुणीतरी माझ्या दारात. कामगार मला दूधकाका म्हणायचे ते उगाच नाही.

उपचार: गार दूध, अर्धा कप. तोंडात दोन मिनिटं धरायचं, झोंबणाऱ्या बाजूला फिरवायचं, थुंकायचं. पाणी अजिबात नाही. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, उलट सगळीकडे पसरतं. हे सांगून सांगून माझा घसा बसला, तरी लोक पाणीच पितात.

पाच मिनिटांनी विचारलं. बरं वाटतंय म्हणाली. केस बंद.

३ मार्च, दुपारी ४

माळ्यावरून रजिस्टर काढलं. फॅक्टरी सोडताना दोन कोरी रजिस्टरं मला मिळाली होती. (कुणी दिली नव्हती. पण कुणी अडवलंही नव्हतं.) रकाने: तारीख, वेळ, कुठे लागलं, कारण, उपचार, किती वेळात उतरलं. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीवर ‘मिरची’ छापलेलंच आहे. ही माझीच कल्पना. आमच्याकडे दुसरं कारण असायचंच कुठे? रोज वीस वेळा तेच लिहायचं, त्यापेक्षा छापूनच घ्या म्हटलं. छापखानेवाला हसला होता, पण वाचलेला वेळ कुणी मोजला?

पहिली नोंद झाली. अक्षर अजून सुरेख आहे माझं.

७ मार्च, सकाळी

पुन्हा झोंबलं. त्याच जागी. दूध, दोन मिनिटं. मी विचारलं, काल काय तिखट खाल्लंस. काहीच नाही म्हणाली, महिनाभर मिरचीला हात लावला नाही. मी नुसता हसलो. फॅक्टरीत लालबुंद डोळे घेऊन येणारा प्रत्येक माणूस हेच सांगायचा, मी तर हातच लावला नाही. तपास हा उपचाराचा अर्धा भाग असतो.

निश्चय:
घरात मिरची बंद. हिरवी, लाल, सुकी, पूड, सगळी.
सॉसची बाटली मात्र राहू द्यायची. ती फॅक्टरीची निरोपाची भेट आहे. भावनेचा प्रश्न आहे.
पुस्तिका लिहायची: ‘मिरचीदाह : उपचार आणि प्रतिबंध’. बारा प्रकरणं. आज मुखपृष्ठ केलं.

१२ मार्च, संध्याकाळी

उपचार चालू आहेत, बंदी कडक आहे, तरीही रोज झोंबतं. याचा अर्थ एकच, ही चोरून खाते. सॉसच्या बाटलीवर सॉस आहे त्या उंचीला पेन्सिलनं बारीक रेघ मारून ठेवली. बाटली फडताळात मागे सरकवली. आता दूध का दूध.

१५ मार्च, सकाळी

सॉस रेघेच्या खाली! बोटभर! पकडली!

काही बोललो नाही. पुरावा भक्कम करू. दुसरी रेघ मारली.

१९ मार्च

दुसरी रेघही ओलांडली. दुपारी हिला बाटलीसमोर उभं केलं आणि शांतपणे विचारलं. हिनं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की सकाळच्या उकडलेल्या अंड्यावर रोज कोण ओततं?

ते वेगळं. अंड्याला सवय लागते माणसाची, म्हणजे माणसाला अंड्याची. शिवाय माझी जीभ कमावलेली आहे, प्रोफेशनल आहे. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ही मूळ प्रश्नाला बगल देते.

ही हसली नाही. एरवी असल्या गोष्टीवर महिनाभर माझी टिंगल केली असती. उठून आत गेली.

२७ मार्च

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात, नोकरीच्या गावी. आईला डॉक्टरकडे ने म्हणाली. मी समजावून सांगितलं की डॉक्टर काय वेगळं सांगणार, तिखट टाळा आणि गार घ्या. ते घरी फुकटात चाललंय. ती म्हणाली, बाबा, तीन आठवडे झाले. मी म्हटलं, बरोबर चोवीस दिवस, माझ्याकडे रेकॉर्ड आहे.

मग आईला फोन दे म्हणाली. दोघी काय बोलल्या कळलं नाही. ही नुसतं हं, हं करत होती. हल्ली फोनवर फार बोलत नाही.

पुस्तिका: प्रकरण एक, पहिलं वाक्य. ‘मिरची ही वनस्पती आहे.’ भक्कम सुरुवात.

५ एप्रिल

उपचारात बदल. दुधाच्या जोडीला दही. दह्यानंतर थोडी साखर जिभेवर. मग भात, नुसता. मग केळं. सगळ्याला शास्त्रीय आधार आहे. ही सगळं मुकाट्यानं करते. सकाळी आठला कप घेऊन बाल्कनीत येऊन बसते, दोन मिनिटं डोळे मिटून तोंडात दूध धरते. मी घड्याळ बघतो. इतकी शिस्तीची पेशंट एकतीस वर्षांत मिळाली नाही.

जेवण कमी झालंय हिचं. डावीकडून चावत नाही. मी म्हटलं, उजवीकडून चाव. तोडगा निघाला.

११ एप्रिल, दुपारी

आज एक प्रयोग. हिचा आणि लेकीचा विश्वास वाढवणं गरजेचं होतं. लेकीला व्हिडिओ कॉल लावला, फोन बरणीला टेकवून उभा केला आणि जाहीर केलं की मी स्वतः एक बारीक, जहाल, लाल मिरची चावणार आणि बरोबर सात मिनिटांत दुधानं बरा होणार. मिरची खास बाजारातून आणली. बंदीला तात्पुरती सूट. मधोमध चिरली. हातमोजे घातले नाहीत. एका मिरचीला कोण हातमोजे घालतं?

चावली.

पुढची अकरा मिनिटं सविस्तर लिहिण्याची गरज नाही. उचकी लागली. दूध आधी ओतून ठेवायला हवं होतं, ते पिशवीतच होतं, पिशवी फ्रीजमध्ये, आणि कात्री सापडेना. या गडबडीत डोळे पुसले. ज्या हातानं मिरची चिरली त्याच हातानं.

मग हिनं हाताला धरून बेसिनपाशी नेलं. आधी माझ्या बोटांना तेल चोळलं. मग भांड्यांचा साबण. पुन्हा तेल, पुन्हा साबण. स्वतःचे हातही तसेच धुतले. मग माझं डोकं वाकवून डोळ्यांवर गार पाण्याची धार, पाऊण एक बादली संपेपर्यंत, चोळू नका म्हणत. अगदी बिनचूक क्रम. मी हिला कधी शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं जेवताना माझी बडबड ऐकत होती, त्यातून आलेलं.

फोनमधून लेक हसत होती. हीसुद्धा हसायला लागली. कितीतरी दिवसांनी. मोठ्यानं हसली आणि मध्येच थांबून जबडा धरून खाली बसली.

निष्कर्ष: प्रयोग यशस्वी. (उपचाराचा क्रम घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला येतो हे सिद्ध झालं.)

१८ एप्रिल

शब्द बदलला. आज झोंबतंय म्हणाली नाही, दुखतंय म्हणाली. कानापर्यंत जातं म्हणे.

मी म्हटलं, नक्की काय ते ठरव. रजिस्टरमध्ये दुखण्याला रकाना नाही. झोंबण्याचंच ते रूप असणार, असं धरून नोंद केली.

संध्याकाळी टॉर्च लावून बघितलं. जिभेच्या कडेला पांढरटसर डाग, मध्ये खळगा, आजूबाजूला कडक. दाताची कड लागत असणार. दात घासायचा ब्रश बदलला. मऊ आणला.

२३ एप्रिल

हिची जुनी मैत्रीण भेटायला आली होती, बस-स्टँडवरची, चौकशीच्या खिडकीत बसायची. ती गेल्यावर मला जिन्यात थांबवून म्हणाली की हिचा ‘ल’ कुठे गेला?

मी म्हटलं, काय?

म्हणाली, ‘लवकर’ म्हणता येत नाहीये तिला नीट. ‘रविवार’चा ‘र’सुद्धा. तुमच्या लक्षात नाही आलं का?

लक्षात कसं नाही येणार? रोज समोर बसतो. तोंडात सारखं दूध धरल्यानं जीभ आळसावते, थोडा व्यायाम हवा. उद्यापासून हिनं रोज सकाळी शंभर वेळा ‘लाल गाडी’ म्हणायचं. मी मोजीन.

२४ एप्रिल

बारा वेळा म्हणाली. मग नको म्हणाली. मी आग्रह केला नाही.

३० एप्रिल, दुपारी ३

मोठा दिवस. फॅक्टरीत सुरक्षा सप्ताह. माझं भाषण. नव्या सेफ्टी ऑफिसरनं आग्रहानं बोलावलं होतं. (मी चार-पाच फोन केले होते, पण शेवटचा त्यानं केला.) सगळे कामगार पॅकिंग हॉलमध्ये. तोच व्हिनेगरचा वास, तेच लाल डाग पडलेले टेबल. ऊर भरून आला.

जोरदार बोललो. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं. हात आधी तेलानं मग साबणानं. गरम पाणी नाही, त्यानं आग वाढते. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी देठं काढायच्या टेबलावर बसूच नये. तोंडाला दूध. डोळ्याला भरपूर स्वच्छ पाणी.

प्रश्नोत्तरात एक नवी मुलगी उभी राहिली, देठं काढणारी. सर, आणि नाहीच उतरलं तर? किती दिवस वाट बघायची?

तिला ठणकावून सांगितलं. मिरची फसवते, सहसा जखम करत नाही. नसांना भाजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात भाजलेलं नसतं. तोंडातलं तासाभरात उतरतं, हाताचं फार तर दीड दिवस. आणि आठवडा, दोन आठवडे उलटले, जागा तीच राहिली, व्रण पडला, तर बाई गं, ती मिरची नाही. तिथं दूधकाकाचं काम नाही. सरळ डॉक्टर गाठायचा, एक दिवस फुकट घालवायचा नाही.

टाळ्या. बराच वेळ.

३० एप्रिल, संध्याकाळी ६.३०

घरी आलो. ही झोपली होती, या वेळी कधी झोपत नाही. आजची नोंद करायला रजिस्टर उघडलं. अठ्ठावन्नावी ओळ. मागची पानं चाळत गेलो. कुठे लागलं: जीभ, डावी कड. जीभ, डावी कड. जीभ, डावी कड.

बंद केलं. फार थकलोय. भाषणाचा ताण येतो माणसाला.

२ मे

नीट विचार केला. फॅक्टरीतली माणसं राबणारी, त्यांचं लवकर उतरतं. हिची प्रकृती पहिल्यापासून नाजूक. सामान्य नियम घरच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पुस्तिकेत यावर वेगळं प्रकरण टाकू.

६ मे, सकाळी ८.२०

विजय!

रोजच्यासारखं विचारलं, कसं आहे? ही म्हणाली, तिथं काही वाटत नाही.

काही वाटत नाही! चौसष्ट दिवसांनी! झोंबत नाही, दुखत नाही, काही वाटत नाही! रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं: ‘पूर्ण उतरलं.’ खाली सही, तारीख. लेकीला मेसेज केला. फॅक्टरीत नव्या ऑफिसरलाही केला. त्यानं अंगठा पाठवला.

संध्याकाळी ७

आइस्क्रीम आणलं, व्हॅनिला. हिनं दोन चमचे खाल्ले. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ हनुवटीपर्यंत आला तरी हिला पत्ता नव्हता. मी रुमालानं पुसला. हिनं माझा हात धरून ठेवला. लहान मुलासारखी हनुवटी पुसून घ्यायची वेळ आली म्हणाली. ‘वेळ’ नीट म्हणता आलं नाही.

मी म्हटलं, आनंदाच्या दिवशी काय असलं बोलतेस?

१५ मे

लेक अचानक आली. रजा काढून. दारातच आईकडे बघितलं आणि बॅग हातातच राहिली तिच्या. म्हणाली, किती वाळलीस. मी सांगितलं, डाएट उत्तम चाललाय, शिवाय आता पूर्ण बरी आहे, काहीच वाटत नाही तिला. लेकीनं ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. काही वाटत नाही म्हणजे काय बाबा? बरं वाटतं, की बधिर झालंय?

मी म्हटलं, शब्दांचा कीस काढू नकोस.

मग तिनं आईला विचारलं.  हिनं नुसती बोटानं गळ्याची डावी बाजू दाखवली. लेकीनं तिथं हात लावला. मीही लावला. सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं, कडक.

हे रजिस्टरमध्ये कुठे लिहायचं?

१६ मे

खाली तळमजल्यावर दातांची डॉक्टर आहे, तिच्याकडे नेलं. दोन मिनिटंसुद्धा बघितलं नाही तिनं. गाणं बंद केलं, जे मागे चाललं होतं ते, आणि मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली. मी म्हटलं, दात टोचत असेल ना? ती म्हणाली, काका, आजच फोन करून नंबर लावा.

नवशिकी आहे. घाबरवतात.

फोन लेकीनं लावला. मला नंबर दाबता येत नव्हता. चष्मा बदलायला झालाय.

२५ मे

मोठं हॉस्पिटल. लांब ओळ, निळ्या खुर्च्या. डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. हिचं तोंड तपासलं, गळा चाचपला, जिभेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. मग विचारलं, हे कधीपासून आहे?

मी तयारीनं गेलो होतो. रजिस्टर पुढे केलं. म्हटलं, तारीखवार आहे, वेळेसह, एक दिवस चुकलेला नाही.

त्यानं उघडलं. पहिलं पान वाचलं. मग बोट खाली नेत नेत सगळी पानं. मला वाटलं काही विचारेल, कुणाच्या हस्ताक्षरात आहे वगैरे. कारणाच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. हे छापलेलं आहे का म्हणाला. मी सांगितलं, हो, फॅक्टरीचं आहे, तिथं दुसरं कारण नसायचं.

तो म्हणाला, त्र्याऐंशी दिवस. कुणाला उद्देशून नाही म्हणाला. मग रजिस्टर मिटून दोन्ही हातांनी मला परत दिलं. नोंदी मात्र व्यवस्थित ठेवल्यात म्हणाला.



२६ मे

पुस्तिकेचे कागद गोळा करून ठेवले. मुखपृष्ठ आणि चार वाक्यं. फाडले नाहीत, फाडायलाही जोर लागतो.

१ जून

रिपोर्ट आला. तो शब्द इथं लिहीत नाही. लेकीला माहीत आहे, हिला माहीत आहे, मला माहीत आहे.

ऑपरेशन नऊ तारखेला. जिभेचा डावा भाग काढावा लागेल, गळ्यातल्या गाठीही. डॉक्टर म्हणाला की लवकर आला असता तर छोटं काम होतं. लेकीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं. मग म्हणाला, आताही आशा चांगली आहे.

मी विचारलं, बोलता येईल? तो म्हणाला, सरावानं बरंचसं. काही अक्षरं कदाचित नाही. कोणती, ते मी विचारलं नाही.

३ जून

आज काही नोंद नाही. सकाळी आठला ही सवयीनं कप घेऊन बाल्कनीत आली. मी म्हटलं, राहू दे आता. ही म्हणाली, बसू तरी.

बसलो.

८ जून, दुपारी ४, हॉस्पिटल

उद्या ऑपरेशन. वॉर्डात हिचा बेड खिडकीशी आहे. लेक फॉर्म भरायला खाली गेली होती. मी हिला म्हटलं, तू ठामपणे सांगितलं असतंस तर. एकदा तरी म्हणायचंस, हे मिरचीचं नाही.

हे मी म्हटलं. वहीत खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे माझ्या तोंडून निघालं.

ही मग हळूहळू बोलली, मध्ये मध्ये थांबत. एप्रिलमध्येच बोटाला कडक लागलं होतं म्हणाली. तेव्हाच कळलं होतं. पण रिटायर झाल्यापासून तुम्ही अकरा महिने खिडकीशी बसून होतात, दाढीसुद्धा दिवसाआड. रजिस्टर काढलं त्या दिवसापासून सकाळी सातला अंघोळ करून तयार. घरात कुणीतरी पुन्हा कामावर निघाल्यासारखं वाटायचं. म्हटलं, चार दिवस चालू दे. आणि मग भीती वाटायला लागली. भीती वाटायला लागल्यावर दूध धरून बसणं सोपं होतं. तुम्ही म्हणायचात उतरेल, ते ऐकायला बरं वाटायचं. त्यात एकट्या तुमची चूक नाही, मीही होते की.

मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि रडलो. एका वॉर्डबॉयनं पाणी आणून दिलं.

मला लाज वाटते. आणि मला फार भीती वाटते. हे दोन्ही शब्द या वहीत आज पहिल्यांदा आले.

९ जून

सकाळी ८.२५ ला आत नेली. नेताना ‘अहो’ म्हणाली. त्यात अडचणीचं अक्षर नाही.

३.४० ला बाहेर. डॉक्टर म्हणाला, नीट झालं. अजून शुद्धीत नाही. चेहरा सुजलाय. ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

१३ जून, सकाळी ११

नाकातून नळी आहे. तोंडानं काहीही नाही, किमान दोन आठवडे. नर्सला विचारलं, गार दूध थोडं तोंडात, नुसतं धरायला? नर्सनं समजावलं की दूध नळीतून जातंच आहे, तोंडाचं आता आम्ही बघू. मी मान हलवली. एकतीस वर्षं मी लोकांना असंच समजावत होतो.

लेक पाण्याची बाटली भरायला गेली होती, तेव्हा हिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. आवाज आला, शब्द नाही. मी वाकून विचारलं, झोंबतंय का?

मान हलवली, नाही.

दुखतंय?

नाही.

काही वाटत नाहीये का?

हिनं डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले. पुन्हा तोच आवाज, जरा मोठ्यानं. हाताची बोटं चादरीवर हलली. मला कळेना. माझ्याकडे विचारायला चौथा शब्द नव्हता. मी नुसता चादर नीट करत राहिलो.

लेक आली. दारातच तिनं आवाज ऐकला, एकदाच, आणि म्हणाली, आई, पंखा? हिनं मान हलवली, हो. बाबा, तिला वारा लागतोय थेट, बंद करा ना.

उठलो. भिंतीवर चार बटणं होती. पहिल्यानं दिवा गेला. दुसऱ्यानं शेजारच्या बेडचा पंखा थांबला. तिसरं बरोबर निघालं.